गादीचा माल

आमच्या दुकानाची जागा त्यांची होती, म्हणून त्यांना उठवून लावता येत नव्हतं. नाहीतर पहिल्याच आठवड्यात मी ते केलं असतं. मी तापट आहे, हे सिंदीत कुणालाही विचारा, लगेच सांगेल. समोर गिऱ्हाईक उभं असताना मालाला नावं ठेवणारा माणूस कुठला दुकानदार खपवून घेईल? आणि हे गृहस्थ, मी त्यांना काका म्हणायची, रोज सकाळी दहाच्या सुमाराला यायचे, माझ्या बाकावर बसायचे, माझ्या माठातलं पाणी प्यायचे आणि माझीच पोती नापास करायचे.

माझं दुकान पशुखाद्याचं. सरकीची ढेप, सोयाबीनची ढेप, चुनी, कोंडा, दुभत्या जनावरांसाठीच्या गोळ्या. कुत्र्यांचं कोरडं खाणं मी ठेवायला लागले ते नंतर. गावात पाच-पंचवीस घरांत लॅब्राडोर आले, एक-दोन जर्मन शेफर्ड आले, आणि लोक नागपूरहून पोती आणायला लागले. म्हटलं, आपण का ठेवू नये? पहिल्या खेपेला चार प्रकारची पोती आली. सगळी चकचकीत. एकावर बर्फात उभा असलेला कुत्रा, एकावर गाजरं आणि कसलीशी निळी फळं. मी ती मांडून ठेवली, उदबत्ती लावली आणि वळून पाहते तर काका खिशातून भिंग काढून एका पोत्याच्या मागच्या बाजूला नाक लावून उभे.

"समोरून पाहा ना काका, किती झकास फोटू आहे," मी म्हटलं.

"समोरून लगनाची पत्रिका पाह्याची," ते म्हणाले. "माल मांगून पाह्याचा. अन् जे इतकं बारीक लिहून राह्यले, ते कोणी वाचू नाई म्हणूनच लिहून राह्यले."

गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचं. सिंदीतल्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, त्यांनी सारी उमर कापसाची प्रत ठरवली होती. शेतकऱ्याची गाडी आली की हे ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, आतून मूठभर कापूस काढायचे, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा ओढत ओढत सरळ करायचे आणि काळ्या कापडाच्या तुकड्यावर ठेवायचे. ते काळं कापड निवृत्तीनंतरही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचं, भिंगासोबत. मग एकच शब्द: अव्वल, मध्यम किंवा गादी. गादी म्हणजे आखूड धाग्याचा कापूस, ज्याचं धड सूत निघत नाही, गाद्या-उशा भरण्यापुरता. निळ्या खडूनं तो शब्द पाटीवर लिहिला की संपलं. शेतकऱ्यानं हात जोडले, मालकानं डोळे वटारले, तरी तो शब्द पुसला जायचा नाही.

यातली बहिणीची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या सख्ख्या मेहुण्याची गाडी एकदा जिनात आली. मेहुणा हसत हसत पुढे झाला, यांनी हात घातला, धागा ओढला आणि पाटीवर लिहिलं, गादी. बहीण स्वतः घरी आली, रडली, म्हणाली, दादा, निदान मध्यम तरी लिही. हे म्हणाले, "बाई, तुले माहं घर देतो, ग्रेड नाई देत." पुढे कितीतरी वर्षं राखी पोस्टानं आली, बहीण आली नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मी एकदा विचारलं होतं की काकांना वाईट नाही वाटलं? काकू म्हणाल्या, "वाटलं ना. पन ग्रेड बदलली नाई."

तर असा माणूस माझ्या दुकानात, कुत्र्याच्या खाण्याच्या पोत्यांसमोर, रिकामा बसलेला. पुढे काय होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काका जुन्या मॅट्रिकचे. इंग्रजी शब्द तोडून तोडून मोठ्यानं वाचायचे आणि अडला की माझ्या फोनवर अर्थ बघायला लावायचे. घटकांची यादी वजनाप्रमाणे लिहिलेली असते, ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी, हे त्यांनीच शोधून काढलं. त्या दिवसापासून त्यांना जणू परत जिनाची नोकरी लागली.

एका महागड्या पोत्यावर पहिलंच नाव ताज्या कोंबडीचं होतं. मला वाटलं, चला, हे तरी पास होईल. काका ते वाचून इतके हसले की ठसका लागला.

"पानी!" ते म्हणाले. "पोरी, हे पानी आहे."

"काका, चिकन लिहिलं आहे."

"ताजं चिकन लिहिलं आहे. ताज्या मांसात का राह्यते? पानी. घालतानी वजन केलं, म्हणून नाव पह्यलं लागलं. मंग भट्टीत भाजलं, पानी गेलं उडून. आता उरलं किती? तो खालचा मका त्याच्याहून भारी भरीन." आणि मग बाकावर मांडी ठोकून म्हणाले, "आमच्याकडे नाई का येत, घरून निघतानी गाडीवर कळशीभर पानी शिंपडून? काट्यावर कापूस भारी होते. धाग्यात काय फरक पडते?"

कोंबडीच्या सुकवलेल्या भुकटीचं नाव पहिलं असलेलं दुसरं एक साधं, कमी किमतीचं पोतं होतं. त्यावर त्यांनी निळ्या खडूनं लिहिलं, अव्वल. महागड्यावर लिहिलं, मध्यम. मी ओल्या फडक्यानं ते पुसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत लिहिलं. मी परत पुसलं. असं आमचं आठवडाभर चाललं आणि शेवटी फडकं मी खाली ठेवलं, कारण जागा त्यांची होती.

एका पोत्यावर पहिलं नाव कोंबडीचं आणि त्याखाली मका, मग मक्याचं ग्लूटेन, मग मक्याचा कोंडा अशी नावं होती. काका बराच वेळ भिंग फिरवत राहिले. "हा एकाच वावराचा माल आहे," ते म्हणाले. "तीन ढीग करून आनला, म्हणून लहान दिसून राह्यला. एक कर, मंग पाह्य पह्यला नंबर कोनाचा येते." त्यावर लिहिलं, गादी. रंगीबेरंगी, लाल-हिरव्या दाण्यांचं एक पोतं होतं, ते लोकांना फार आवडायचं. त्यातले चार दाणे काळ्या कापडावर ठेवून काकांनी मला विचारलं, "हा रंग कोनाले दिसून राह्यला? कुत्र्याले का तुले?" मी म्हटलं, मला. "मंग तूच खा," ते म्हणाले.

मिठाचा नियमही त्यांचाच. यादीत मीठ कुठे आहे ते आधी पाहायचं. मीठ घालून घालून किती घालणार? चिमूटभर. म्हणजे मिठाच्या खाली जे लिहिलं, ते चिमटीहून कमी. गाजरं आणि निळी फळं, ज्यांचे फोटो समोर पपईएवढे छापले होते, ती सगळी मिठाच्या खाली निघाली. सोया मील हे नाव मला मोठं भारदस्त वाटायचं. काकांनी त्याचा अर्थ फोनवर बघायला लावला आणि मग माझ्याच दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "सोयाबीनची ढेप. ते पाह्य, तिथं पडली आहे. बैलाले तू साध्या पोत्यात विकते, कुत्र्याले चकचकीत पोत्यात."

शिवाय ते प्रत्येक प्रकारचे दोन दाणे पाण्याच्या ग्लासात टाकून ठेवायचे आणि जेवायला जाताना फुगले किती ते पाहायचे. यानं काय कळायचं, ते मला आजही माहीत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मलेही माहीत नाई. पाह्याची सवय आहे."

गंमत म्हणजे हा माणूस जन्माचा शाकाहारी. घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. कंपनीचा विक्री प्रतिनिधी एकदा आला, टाय वगैरे लावून, तेव्हा हा विषय निघाला. प्रतिनिधी मला नव्या मालाची माहिती देत होता आणि काका मध्येच म्हणाले, "साहेब, यात मीट मील लिहिलं आहे. मांस कोनाचं?"

"सर, अ‍ॅनिमलचं."

"कोन्या अ‍ॅनिमलचं?"

"सर, ते मिक्स असते."

"त्या अ‍ॅनिमलले काही नाव, गाव, मायबाप? का नाई?"

प्रतिनिधी माझ्याकडे पाहून कसनुसा हसला. मग त्यानं विचारलं, "सर, आपण स्वतः नॉनव्हेज घेता का?" काका म्हणाले, नाही. "मग सर, तुम्हाला यातलं कसं समजणार?"

काका शांतपणे म्हणाले, "मी जन्मात कापूस खाल्ला नाई, बाबू. ज्याचं नाव नाई, त्याले ग्रेड नाई."

तो प्रतिनिधी परत आला नाही. त्याच्या जागी दुसरा आला, तो काका जेवायला गेले की यायचा.

मी चिडायची, घरी जाऊन नवऱ्यापाशी कटकट करायची. काका गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, "हे नको नेऊ. याच्यापरीस भाकर अन् अंडं देजो." शाळेतल्या एका बाईंना त्यांनी इतकं समजावलं की बाई पोतं न घेता अंडी घ्यायला गेल्या. पण हळूहळू उलटंच झालं. लोक यायला लागले आणि विचारायला लागले, "ग्रेडरसाहेबानं अव्वल लिहिलेलं कोनतं?" सेलूचे लोक यायला लागले. कारंज्याकडचा एक ढाबेवाला त्याच्या दोन कुत्र्यांसाठी इथून न्यायला लागला. ते निळ्या खडूचे शब्द मी पुसेनाशी झाले, उलट पावसाळी हवेनं ते फिकट झाले की मीच म्हणायची, काका, जरा परत लिहा.

आता सरकीबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

सरकी त्यांची कुत्री. जिन कायमचं बंद झालं त्या हंगामात सरकीच्या ढिगात एक पिल्लू सापडलं, आई कुठे गेली कुणास ठाऊक. काकांना निरोपाला शाल आणि नारळ मिळाला होता. त्या शालीत पिल्लू गुंडाळून ते घरी आले. काकूंनी विचारलं, नारळ कुठं आहे? तो जिनातच राहिला होता. पिल्लाचा रंग सरकीसारखाच, मळकट पांढरा, म्हणून नावही तेच. काकूंनी तिच्यासाठी जुन्या गादीचा कापूस काढून एक छोटी गादी शिवली आणि ती ओसरीवर कायम असायची. काका दुकानात यायचे तेव्हा सरकी मागोमाग यायची आणि बाकाखाली पडून राहायची. गिऱ्हाइकांशी तिचं काही घेणंदेणं नसायचं. काकांनी जगात सगळ्याची प्रत ठरवली, पण सरकीची कधी ठरवली नाही. मूलबाळ म्हणून एक लेक, ती अमरावतीला दिली. घरात दोघं आणि ही. काका बाहेर मोजकंच बोलायचे, पण सरकीशी अखंड बोलायचे, रस्त्यानं जाताना, पाणी पाजताना, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून.

एका वर्षी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या दिवशी, गावात माणसांचा पूर लोटलेला असताना, सरकी पहिल्यांदा दुकानात आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, पण माझ्या माठाखालची पाण्याची थाळी तिनं तीनदा रिकामी केली. महिनाभरात ती बरगड्या मोजाव्यात अशी झाली. खाल्लेलं उलटून टाकायची. सेलूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, सांगलीकडच्या, जनावरांच्या तपासणीसाठी त्या आमच्याकडेही येत. त्यांनी रक्त नागपूरला पाठवलं. अहवाल आला तेव्हा त्या माझ्या दुकानातच होत्या आणि काका बाकावर.

"काका, हिची मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेली आहेत, म्हणूनच इतकं पाणी पिते," त्या म्हणाल्या. "ती परत येणार नाहीत. पण जी उरली आहेत ती जपली तर सरकी बरेच महिने नीट जगेल. एक खास खाणं मिळतं अशा कुत्र्यांसाठी. मी मागवून देते. दुसरं काहीही द्यायचं नाही."

चार दिवसांनी पोतं आलं. काकांनी ते माझ्याच दुकानात उलटं केलं आणि भिंग लावलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. पहिलं नाव तांदळाची कणी. दुसरं मका. मग कोंबडीची चरबी. मांस शोधायला त्यांना भिंग बरंच खाली न्यावं लागलं. माझ्या दुकानात आजवर ज्याला त्यांनी नापास केलं, ते सगळं या एका पोत्यात होतं.

"डॉक्टर, हा तं गादीचा माल आहे," ते म्हणाले.

"काका, हिच्या मूत्रपिंडाला मांसाचा भार सोसत नाही आता. म्हणून ते मुद्दाम कमी ठेवलं आहे."

"अशक्त जनावराले कणी चारू? इतकी वर्षं मी लोकायले नको म्हणून सांगतलं, अन् घरच्याले चारू?"

डॉक्टरीणबाईंनी आणखी दोनदा समजावलं. मग त्यांना पुढच्या गावी जायचं होतं, त्या गेल्या. काकांनी खडू काढला, पोत्यावर लिहिलं, गादी. आणि मला म्हणाले, "पोरी, अव्वलचं एक पोतं दे. चांगल्यातलं."

ते पोतं मी दिलं, आणि हे मला लपवायचं नाही. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. एरवी मी कुणाशीही भांडते, पण त्या वेळी मला वाटलं, म्हाताऱ्याशी कोण हुज्जत घालणार, त्यांची कुत्री, त्यांची मर्जी. खास पोतंही त्यांच्यासोबत दिलं, न जाणो मन बदललं तर.

तीन आठवडे काका फारसे आले नाहीत. आले तरी एकटे. मी विचारलं, सरकी कशी आहे? म्हणायचे, "खाऊन राह्यली. ताकत येईन." चौथ्या आठवड्यात ते आलेच नाहीत, तेव्हा मी दुकान नवऱ्यावर सोपवून त्यांच्या घरी गेले.

ओसरीवर सरकी तिच्या छोट्या गादीवर पडलेली होती. मला पाहून तिनं शेपूट एकदा हलवलं आणि थांबली. शेजारी थाळीत अव्वल माल तसाच. खास पोतं भिंतीला टेकून, न उघडलेलं, त्यावर तो निळा शब्द. काका तिच्याजवळ जमिनीवर बसून एक एक दाणा तिच्या तोंडाजवळ नेत होते. "खा वं माय, एक खा. चांगला माल आहे." ती तोंड फिरवत होती.

मी म्हटलं, "काका, डॉक्टरीणबाईचं आयका ना आता. ते उघडून पाहा एकदा."

"त्यात काही नाई," ते म्हणाले. "कणी आहे त्यात. कणीनं कोनी जगते का?"

काकू दारात उभ्या होत्या. माझ्याकडे पाहत बोलल्या, पण ऐकवायचं कुणाला होतं ते कळत होतं.

"पोरी, आमच्या लगनानंतरच्या पह्यल्या दिवाळीले यायनं गादी भरून आनली. ग्रेडरच्या घरची गादी, म्हणून अव्वल कापसाची. लांब धागा, दुधासारखा पांढरा. मी गावभर सांगत फिरली. अन् दोन महिन्यांत त्या कापसाचे गोटे झाले. झोपलं की पाठीत गोटे. दोघायच्या पाठी मोडल्या. शेवटी पिंजारी आला. त्यानं गादी फाडली अन् हसाले लागला. म्हने, साहेब, हा सुताचा कापूस. गादीले आखूड धागाच पायजे, तोच फुगून राह्यते. त्या दिवसापासून या घरात आम्ही गादीच्याच मालावर झोपून राह्यलो. अन् हेही झोपून राह्यले. कधी म्हनलं नाई का हा नापास आहे म्हणून."

 काकांनी हातातला दाणा थाळीत ठेवला. सरकीखालच्या गादीवरून एकदा हात फिरवला, कोपरा दाबून पाहिला, सोडला. मग उठले, आतून कात्री आणली आणि ते पोतं उघडलं. कोमट पाण्यात दाणे भिजवले. पहिल्यांदा तिनं खाल्लं नाही. थोड्या वेळानं त्यांच्या बोटावरचं चाटलं. मग थाळीतलं दोन घास.

आठवड्यानं ती दुकानात आली, काकांच्या मागोमाग, सावकाश. बाकाखाली पडली.  काका बाकावर बसले आणि पोत्यांकडे न पाहता म्हणाले, "तीन आठवडे मी तिले अव्वल चारलं वं पोरी."  मी डॉक्टरीणबाईंना मधल्या आठवड्यात विचारलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, आजार आधीचाच होता, पण त्या तीन आठवड्यांनी नुकसान केलं, हे खरं. हे मी काकांना सांगितलं नाही. पोतं मीच दिलं होतं, एवढं मात्र मी म्हणाले. ते म्हणाले, "तू दुकानदार आहे. ग्रेड माही होती."

सरकी त्यानंतर सहा महिने जगली. खाणं संपत आलं की काका नवं पोतं मागवायचे आणि प्रत्येक पोत्यावर आल्या आल्या लिहायचे, गादी. मला वाटलं होतं, आता तरी बदलतील. एकदा विचारलंही. म्हणाले, "काऊन बदलू? गादीचाच आहे." पण लिहून झालं की तळहात त्या शब्दावर थोडा वेळ ठेवायचे, आणि एरवी ते असं कधी करत नसत.

ती उन्हाळ्यात गेली, ओसरीवर, तिच्या गादीवर. काकू सांगत होत्या, झोपेतच गेली. काका आठ-दहा दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले, सायकलच्या कॅरिअरला अर्धं उरलेलं पोतं बांधून. "कोनाले लागलं तं देजो," म्हणाले आणि पोतं फळीवर ठेवलं. निळा शब्द समोर. बाकावर बसले, पाणी प्यायले, बाकाखाली एकदा वाकून पाहिलं. मला त्यांच्याकडे पाहवेना, मी उगाच ढेपेची पोती सरकवत राहिले.

त्यानंतर वर्षभरातच दोघं लेकीकडे अमरावतीला राहायला गेली. पण त्याआधीचा एक दिवस मला नीट आठवतो. भाजीपाला पिकवणारी एक बाई सेलूकडून ऑटोनं आली. ऑटोत मागे चटईवर एक म्हातारा, काळा, गावठी कुत्रा. बाईच्या कंबरेला अजून वावरातला विळा खोचलेला. ती पायरी चढता चढताच बोलायला लागली.

"ग्रेडरसाहेब तुमीच का? तुमचं नाव आयकून आली जी. माह्या मोत्यासाठी पायजे. सगळ्यात अव्वल कोनतं, ते सांगा."

मी आपोआप अव्वल लिहिलेल्या पोत्याकडे हात केला. इतकी वर्षं तसंच चाललं होतं. गिऱ्हाइकाचं वाक्य संपायच्या आत काकांचं बोट त्या पोत्यावर असायचं.

काकांनी बोट उचललं नाही. भिंगही काढलं नाही. ते उठले, बाकाखालच्या चपला पायात सरकवल्या आणि बाईला म्हणाले, "थांब माय. आधी कुत्रं पाहू दे."

आणि भर उन्हात ते ऑटोकडे गेले, मागच्या सीटजवळ उकिडवे बसले आणि त्या म्हाताऱ्या कुत्र्याला विचारायला लागले, "पानी किती पिते रे तू?"